नाटकात तलवार नाही

५ जुलै १९८६

मांडवीवरचा पूल आज पडला. कचेरीत आरडाओरडा झाला तेव्हा मला वाटलं, साहेबांची बदली झाली. धावत नदीवर गेलो तर पुलाच्या मधोमध नुसतं आभाळ.

परतताना फेरीबोटीवर काय ती झुंबड! पेडण्याचे, डिचोलीचे, म्हापशाचे, सगळे एकमेकांच्या पायांवर उभे. आमच्या वाड्यावरच्या धाकूचा मुलगा साईश पणजीत खाणावळीत कामाला असतो. तो मला नदीपलीकडे बेतीच्या धक्क्यावर सापडला. बखोटीला धरूनच घरी आणला. गावच्या थांब्यावर धाकू उभा होता. हा नारळ पाडणारा माणूस, माडावर चढताना कधी देवाचं नाव घेत नाही, पण पोराला बघून रस्त्यावरच बसला.

"भाऊ, हांव देवीक सांगून बसलां," म्हणाला. "पोर सुखरूप पावलो तर जात्रेच्या नाटकांत तलवार घेवन तुज्या मुखार उबो रावतलों म्हण."

"राहा बापड्या उभा," मी म्हटलं. आमच्याकडे हे नवं नाही. कोणी देवीला नारळ बोलतो, कोणी साडी, आणि निम्मा गाव नाटकातलं काम बोलतो. त्यामुळे आमच्या नाटकाची पात्रं गुणांवर ठरत नाहीत, दुखण्यांवर ठरतात. एकवीस वर्षं प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात बसून मी हे पाहतोय. ज्याचा ताप उतरला तो राजा, ज्याची म्हैस सापडली तो प्रधान.

२१ सप्टेंबर

आज वाड्याच्या नाटकमंडळाची बैठक झाली. माघातल्या जत्रेत पुनवेचं मानाचं नाटक यंदा आमच्या वाड्याचं आहे, एरवी आम्हांला आजूबाजूची रात्र मिळते. ही पाळी पुन्हा यायची तेव्हा मी निवृत्त होऊन खोकत बसलेला असेन. अध्यक्ष शिवदास, ज्याचं तिठ्यावर किराण्याचं दुकान आहे, तो म्हणाला, "किस्नाथ, सगळे सांगतात, आतां गोंय राज्य जातलें. तूं इतकीं वर्सां पणजे वता. पणजेचेर नाटक बरय पळोवया."

मी! एकवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणारा मी नाटक लिहिणार! घरी येईपर्यंत पहिला अंक डोक्यात तयार होता.

लोकांना वाटतं पणजी आभाळातून पडली. अहो, जुनं गोवं साथींनी ओस पडलं म्हणून पोर्तुगिजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, नदीच्या मुखाकडे सरकला. तिथं होतं काय? एक जुना राजवाडा, माड, कोळ्यांची खोपटी आणि दलदल. ती दलदल बुजवली, टेकाडं कापली, दोरी लावून रस्ते आखले, गटारं काढली, बराकी बांधल्या, आणि १८४३ साली राजधानी म्हणून जाहीर केली. आखून, मोजून केलेलं शहर आहे ते. मी रस्ते-गटारांच्या खात्यात कारकून आहे, मला माहीत आहे. आमच्या गावात एक तरी वाट सरळ आहे का? सगळ्या म्हशींनी आखलेल्या.

माझ्या नाटकाचा नायक कोणी राजा नाही. शहरच नायक. असं मराठीत कोणी केलं नसेल. आणि हे नाटक पुढे पणजीत व्हायला हवं, ज्या साहेबांना मी 'पेडण्याचा' एवढाच माहीत आहे त्यांच्यासमोर. एवढंच मागणं आहे माझं. देवीला बोललो नाही, इथं लिहून ठेवतो.

१९ ऑक्टोबर

तीन अंक पुरे झाले. तिसरा, दलदल बुजवण्याचा, मला स्वतःलाच खाली ठेववेना इतका चांगला उतरलाय. मजुरांचा नाईक चिखलात उभा राहून म्हणतो, "हे पंकमग्न भूमाते! तुझ्या उदरातून उद्या जी नगरी जन्मेल, तिच्या प्रासादशिखरांवर आमच्या श्रमांचे सुवर्णकिरण चमकतील!" दोन पानं आहे. बायकोला, सत्यवतीला, वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"कोण मरता?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"लगीन?"

"नाही."

"कोणूच मरना, कोणाचें लगीन ना, मागीर लोक बसतले कित्याक? आनी हे माती भरपी, ते रावतले खंय? तांचें घर खंय?"

"मजुरांच्या घरांची कुठे नोंद नाही," मी म्हटलं. ती "हूं" म्हणाली आणि खडे वेचत राहिली. बाईला इतिहास कळत नाही. सातवी शिकलेली, त्यात तिचा काय दोष.

९ नोव्हेंबर

वाचन झालं. कपाळमोक्ष झाला!

शिवदासला वाटलं होतं, पणजी म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, वेढा, तोफा, तटावर लढाई. पहिल्या अंकात विजरई गटाराचा उतार मोजतो तिथंच त्यानं जांभई दिली. दुसऱ्या अंकाला गोकुळदास उठून विडी ओढायला गेला, आणि हा आमचा नायक, विजरईचं काम याचंच! शिंपी आहे, अंगात कोट चांगला बसतो म्हणून दर वर्षी राजा.

वाचन संपलं. मग मागून धाकू म्हणाला, "भाऊ, सगळें बरें. पूण तलवार खंय?"

"तलवार नाही. हे शहर बांधण्याचं नाटक आहे. तुला माती खणायला पिकांव देतो की हातात."

"हांवें देवीक तलवार म्हण सांगलां. पिकांव म्हण सांगूंक ना."

आणि मग जो तो उठला. ज्याला ज्याला नवस फेडायचा आहे त्या प्रत्येकानं तलवारच बोललेली. एकाचं आतड्याचं ऑपरेशन, एकाच्या बायकोचं बाळंतपण, एकाचा वास्कोला बंदरात नोकरीचा कॉल. अरे, देवीसमोर कोणी फावडं का बोलत नाही? मी ओरडलोच, "तलवारीनं चिखल उपसतात काय रे?"

शिवदास हात जोडून म्हणाला, "किस्नाथ, माणसाचें नाटक असतें तर काडून उडयलें असतें. देवीचें नाटक. नवस मोडूंक शकना."

शेवटी ठरलं ते असं. सगळे नवसकरी तिसऱ्या अंकात मजूर, आणि कमरेला तलवारी. मजुरांच्या कमरेला तलवारी! उद्या पाथरवटाच्या डोक्यावर मुकुट मागतील. मी पोथी उचलून घरी आलो. जेवलो नाही.

७ डिसेंबर

तालमी चालू आहेत असं म्हणायचं. गोकुळदास विजरईला अजून 'महाराज' म्हणायला लावतो. बाईचं काम नाही म्हणून मंडळ रुसलं, तेव्हा मला न विचारता म्हापशाहून भाग्यलक्ष्मी नावाची नटी ठरवली. ती मांडवी नदी होणार आणि दोन पदं म्हणणार. नदी कशाला गाईल? मी विचारलं. शिवदास म्हणाला, "पैशे दिल्यार मांडवीय गाता आनी शापोराय गाता." आमच्याकडची शापोरा नदीसुद्धा गाणार म्हटल्यावर सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मजुरांचा नाईक धाकू, त्याला दोन पानांपैकी पहिली ओळ येते. 'पंकमग्न'ला तो 'पंखमग्न' म्हणतो. मी म्हटलं, पंख म्हणजे पक्ष्याचे. तो म्हणाला, "मागीर बरें न्हय? उडून वचपाचें." डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

२३ डिसेंबर

चार दिवस कचेरीत गेलो नाही. रस्त्यांवर झाडं टाकली आहेत, गाड्या फोडल्या, माणसं गेली असं ऐकतो. राजभाषा कोकणी पाहिजे म्हणणारे तिकडे, मराठी पाहिजे म्हणणारे इकडे, आणि मध्ये बंद पडलेली कदंब बस. मी मराठीचा. आमच्या देवळात मराठी, भजनात मराठी, माझ्या बापाच्या पत्रांत मराठी. त्यात शंका नाही.

शिवदासनं मंडळापुढे घोषणा केली, "ह्या वर्सा रंगमाचयेर एक उतर कोकणीचें येवंक फावना. सगळें शुद्ध मराठी!" मी टाळ्या वाजवल्या. माझ्या नाटकात तसा एकही शब्द नाही हे मी अभिमानानं सांगितलं. सत्यवतीला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "कोणी कितें सांगलें? शिवदासान? खंयच्या भाशेंत सांगलें?"

काय विचारावं याचं भान नसतं तिला.

११ जानेवारी १९८७

आज रविवार म्हणून घरी. दुपारी मागच्या दारी धाकू बसलेला, सत्यवती नारळ सोलून घेत होती. गेल्या रविवारीही होता. माडावर पाडप नसताना हा इतका काय येतो? मला बघून दोघं गप्प झाली. "पेज घेवंक आयिल्लों," म्हणाला. पेजेला माझी हरकत नाही, पण तो वेळ पाठांतराला दिला असता तर दुसरी ओळ तरी आली असती.

रात्री जेवताना सत्यवतीनं विचारलं, "तुमी रस्तो आंखतात त्या जाग्यार सूत कशाक बांदतले?"

"खुंट्यांना. भेंडीच्या लाकडाच्या खुंट्या मी स्वतः तासून ठेवल्या आहेत, टोक काढून. विजरई हात करतो, मजूर खुंट्या मारतात, सूत ताणलं जातं, आणि प्रेक्षकांसमोर पहिला सरळ रस्ता उभा राहतो! नाटकाचा प्राण आहे तो."

"खुंट्यो ना जाल्यार?"

"नसतील कशा? मी आहे ना."

"हूं," ती म्हणाली. निदान नाटकात रस घेऊ लागली, बरं वाटलं.

२५ जानेवारी

चिखलावरून भांडण. मी म्हटलं, तिसऱ्या अंकात खरी माती हवी, टोपल्या भरून, ओली. शिवदास म्हणतो पडदे खराब होतील, भाड्याचे आहेत. मी म्हटलं, मग शहर कशावर बांधायचं, गालिच्यावर? पाऊण तास घसा कोरडा केला. शेवटी माती मिळाली. एवढी एक लढाई मी जिंकलो, तीही चिखलाची.

४ फेब्रुवारी

विधानसभेत आज राजभाषेचं विधेयक संमत झालं. कोकणी राजभाषा, मराठीचा वापर चालेल असं काहीतरी. कचेरीत कोणी पेढे वाटत होतं, कोणी टेबलावर मूठ आपटत होतं. मी दोन्हीकडून खिडकीशी सरकलो.

गावात शिवदासनं दुकान बंद ठेवलंय. संध्याकाळी मंडळ बसलं. तो म्हणाला, यंदा पणजीचं नाटक नाही. ज्या पणजीनं आपल्याला विचारलं नाही तिचे गोडवे कशाला? त्याऐवजी जुनं तलवारीचं नाटक करू, सगळ्यांचं पाठ आहे. गोकुळदास लगेच, "माका मान्य." याला फक्त मुकुट दिसतो.

मी उभा राहिलो. म्हटलं, हे पणजीच्या साहेबांचं नाटक नव्हे, ज्यांनी तिथं माती टाकली त्यांचं आहे. पण रागानं आवाज चिरकला, शब्द गोळा झाले, आणि लोक माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघू लागले. चार महिने! हाताची बोटं शाईनं काळी करून चार महिने! आणि आठ दिवसांवर जत्रा असताना हे म्हणतात, काढून टाका.

शेवटी धाकूच बोलला. "नारळ ठेवन नाटक धरलां. देवीक विचारूया." त्याच्या नवसापायी म्हणाला, हे मला कळतं. तरी त्या क्षणी मी त्याच्या पाया पडलो असतो.

६ फेब्रुवारी

देवीचा कौल घ्यायला मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावल्या. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, माये, धरलेलं नाटक पुरं करायचं असेल तर उजवी दे. सगळा वाडा हात जोडून उभा. मी शिकलेला माणूस, कचेरीत फायली हाताळणारा, पण मीही हात जोडले. बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. शिवदास माझ्याकडे बघत नव्हता. मग उजवी पडली.

शिवदासनं तिथंच कान पकडले. म्हणाला, "जालें. पणजी तर पणजी. पूण शुद्ध मराठी!" 

सत्यवती बायकांत उभी होती. पाकळी पडली तेव्हा तिनं डोळे पुसलेले मी पाहिले. कोणाचं तरी आजारपण असेल, माहेरी.

१४ फेब्रुवारी

माझ्या नाटकाचा खून झाला. काल, भर देवळासमोर, अख्ख्या गावाच्या साक्षीनं. आत्ता दुपार आहे. झोप नाही, पण लिहिल्याशिवाय ही तिडीक जायची नाही.

पहिला अंक गेला. गोकुळदासला कोणी 'महाराज' म्हटलं नाही, नशीब. दुसऱ्यात भाग्यलक्ष्मीबाई निळी साडी नेसून आल्या आणि मांडवीनं तीनदा वन्स मोअर घेतला. विजरई ताटकळत उभा. मी खड्ड्यातून "गटार! गटाराचं वाक्य!" म्हणून ओरडतोय, ऐकतो कोण.

तिसरा अंक. पडदा वर गेला. ओली माती, टोपल्या, नवसकरी, कमरेला चंदेरी तलवारी. लोक खदखदा हसले. मी डोळे मिटले. गोकुळदासनं हात करून ऐटीत सांगितलं, "येथून तेथवर सरळ रेषा आखा! खुंट्या ठोका!" आणि काही घडेना. डोळे उघडून बघतो तर खुंट्याच नाहीत! संध्याकाळी मी स्वतः पिशवीत भरल्या होत्या. भरल्या होत्या अशी माझी खात्री आहे. पिशवी माझ्याच पायाशी होती, हात घातला तर आत टॉवेल आणि पानाचा डबा.

तेवढ्यात धाकू पुढे झाला. शांतपणे, जणू असंच ठरलंय. कमरेची तलवार उपसली, देवीकडे तोंड करून दोन्ही हातांनी उभी धरली, कपाळाला लावली, आणि टोक खाली करून खचकन मातीत रोवली. लाकडी तलवार, पण उभी राहिली. सुताचं टोक तिच्या मुठीला बांधलं. मग दुसऱ्यानं आपली तलवार देवीला दाखवून रोवली. मग तिसऱ्यानं. आतड्याच्या ऑपरेशनवालासुद्धा वाकला, पोट धरून. या टोकापासून त्या टोकापर्यंत तलवारींची रांग आणि त्यांवर ताणलेलं पांढरं सूत, सरळ.

कोणी हसत नव्हतं.

मी खड्ड्यातून कुजबुजलो, "हे पंकमग्न..." धाकूनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलंही. मग टोपली उचलली, सुताच्या कडेला ओतली, पायानं दाबली आणि लोकांना म्हणाला,

"हांगा रस्तो जातलो. दोनूय बाजूंक घरां जातलीं. कोणाचीं घरां, तें माका खबर ना. माजें जावचें ना."

एवढंच. आणि पुढची टोपली आणायला गेला. सगळे टोपल्या आणत राहिले, ओतत राहिले, पाय आपटत राहिले. माझी दोन पानं माझ्या मांडीवर. बायकांच्या बाजूनं हुंदके येत होते. मी शिवदासकडे पाहिलं. आता हा पडदा पाडणार! एक उतर कोकणीचं नको म्हणाला होता, इथं तर सगळंच! शिवदास विंगेत उभा होता, पडद्याची दोरी हातात, आणि नाक उपरण्याला पुसत होता. दोरी त्यानं ओढलीच नाही. शेवटी भटजींनी आरती सुरू केली तेव्हा नाटक संपलं.

नंतर जो तो माझा हात दाबतोय. "किस्नाथ, कसलें बरयलें रे!" मी लिहिलंच नाही ते! माझं प्रत्येक वाक्य कुठे गेलं? प्रासादशिखरं कुठे गेली? विजरईच्या अभियंत्यांनी तलवारी रोवून रस्ते आखले असा इतिहासात कुठे दाखला आहे? धाकूला गाठून विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "देवीन." आणि हसत निघून गेला. नवस फिटल्याच्या आनंदात माणूस काहीही बोलतो.

घरी येताना सत्यवती माझ्या पुढे चालत होती. पाठ दिसत होती फक्त. मी म्हटलं, "बघितलंस ना वाटोळं?" ती म्हणाली, "पळयलें." एवढ्या मोठ्या आघातात बायकोनं दोन शब्द सांत्वनाचे बोलू नयेत?

१५ फेब्रुवारी

खुंट्या सापडल्या. मागच्या पडवीत जळणाच्या फाट्यांखाली, सुतळीनं नीट बांधून ठेवलेल्या. मी अशी सुतळी बांधत नाही, मला गाठ जमत नाही. पण दुसरं कोण ठेवणार? जत्रेच्या दिवशीही शिवदासशी भांडून आलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. वय झालं. सत्यवतीला सांगितलं तर म्हणाली, "जाता तशें कदीं कदीं." तिनं मला चहाबरोबर दोन पाव दिले, लोणी लावून. एरवी एकच देते.

१५ मार्च

नाटकाचं नाव पंचक्रोशीत झालंय. आज दोन्ही बाजूंची माणसं येऊन गेली. आधी पणजीहून एक गृहस्थ, झब्बा, जाड चष्मा. राज्य होणार आहे, मोठा समारंभ आहे, तुमचं नाटक राजधानीत करू. मी खुर्ची पुढे सरकवली. सत्यवतीला आतून सरबत आणायला सांगितलं. मग ते म्हणाले, फक्त सगळं कोकणीत करून द्या, विजरईसुद्धा. मी म्हटलं, विजरईची वाक्यं माझी आहेत, मी घाम गाळून लिहिली आहेत. ते म्हणाले, मग कठीण आहे.

ते तिठ्यावर पोचले नसतील तोवर म्हापशाहून मराठीवाले आले. तेही पणजीतच करणार होते, निषेध म्हणून. फक्त त्या मजुराचं वाक्य शुद्ध करून द्या. मी म्हटलं, करतो. कागद घेतला. लिहिलं, 'येथे मार्ग होईल. उभय बाजूंस गृहे होतील. कोणाची, मज ठाऊक नाही. माझे होणार नाही.' वाचलं. खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं. खोडलं. पाहुणे घड्याळ बघू लागले. मला त्या वाक्याचा राग आहे, माझ्या दोन पानांवर बसलेलं वाक्य आहे ते. पण हात पुढे जाईना. म्हटलं, "नाही जमत."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" त्यांनी दारात विचारलं.

"मराठीच्या!" मी ओरडलो. "पण धाकू असं बोलला नाही!"

गेले. दोन्ही गेले. एका दुपारी दोन वेळा पणजी दारात आली आणि मी दोन्ही वेळा घालवली. आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. सत्यवती सरबताचे पेले उचलताना म्हणाली, "बरें केलें." मी तिच्यावर खेकसलो. ती तरी गुणगुणत आत गेली.

३१ मे

काल गोवा राज्य झालं. कचेरीला सुट्टी होती, तरी मी पणजीला गेलो, कारण पहाटेच धाकू इस्तरीचा शर्ट घालून दारात उभा. "भाऊ, हांवें भरली ती सुवात माका दाखय."

"अरे, कसली जागा, ते नाटक होतं."

"खबर आसा माका. दाखय."

सत्यवतीही नवी साडी नेसून तयार. म्हणजे आधीच ठरलेलं. मला कोण विचारतो.

फेरीबोटीतून उतरलो. सगळीकडे झेंडे, पताका, पांढऱ्या गाड्या, पोलीस. समारंभाच्या बाजूला आम्हांला सोडलंच नाही, पास लागत होता. तशीही धाकूला तिकडची ओढ नव्हती. मी त्यांना माझ्या रस्त्यांवरून नेलं. हा सरळ, हा काटकोनात, हे बराकीचं, हे कस्टमचं. माझं बोलणं चालू, धाकूचे डोळे जमिनीवर. त्याचं पोर इथं राबतंय, पण धाकू बाजारापलीकडे कधी आला नव्हता.

"खंय तें?" तो पुन्हा म्हणाला.

दलदल नेमकी कुठून कुठवर होती याबद्दल मतभेद आहेत. नकाशे वेगवेगळे आहेत. हे मी त्याला समजावणार होतो. तोंड उघडलंही. मग त्याचा तो इस्तरीचा शर्ट दिसला, कॉलरशी घामानं काळा झालेला, आणि मी समोरचा चौक दाखवला. एक बंद दुकान होतं, वर एक बाल्कांव, खाली गटाराचं झाकण.

"हीच," मी म्हटलं.

धाकूनं चपला काढल्या. कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, आणि उजवा पाय उचलून रस्त्यावर आपटला. एकदा. मग डावा. शिटी वाजवत एक पोलीस आमच्याकडे यायला लागला. वरच्या बाल्कांवावरून एक बाई वाकून बघत होती. धाकूनं तिसऱ्यांदा पाय आपटला, कान देऊन ऐकल्यासारखा थांबला, आणि सत्यवतीला म्हणाला,

"वैनी, बरी बसल्या माती."

सत्यवतीनं चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन तिनंही पाय आपटला, साडी घोट्यावर धरून. पोलीस जवळ येऊन म्हणाला, "कितें चल्लां हांगा? हालात!" मी कचेरीचं ओळखपत्र काढण्यासाठी खिशात हात घातला. चोवीस वर्षं त्याच रस्त्यांच्या खात्यात आहे असं सांगणार होतो. पण तोंडातून आलं ते भलतंच, तेही घरात बोलतो तसं.

"राव मरे मात्सो," मी पोलिसाला हातानं थांबवत म्हटलं. "आमी भरल्या ही माती."